पंधरा थाउ

सुमंतराव घाटे सदतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात मापं तपासत होते, आणि त्या सदतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाचं माप एका फटक्यात खरं मानलं नव्हतं. पडदेवाल्याने खिडकीची रुंदी सांगितली की हे स्वतःची टेप काढणार. नर्सने वजन सांगितलं की काटा आधी शून्यावर होता का, ते विचारणार. लताबाई एकदा उपमा सांगताना 'रव्याच्या दुप्पट पाणी' म्हणाल्या, तर वाटी काठोकाठ की शीग लावून, रवा भाजण्याआधीचा की नंतरचा, असं विचारून यांनी त्यांना इतकं पिडलं की शेवटी त्यांनी झारा यांच्या हातातून काढूनच घेतला. रिटायर होताना ऑफिसने घड्याळ भेट दिलं. ते दिवसाला किती सेकंद मागे पडतं हे सुमंतरावांनी महिनाभर लिहून ठेवलं, आणि मग समाधानाने ते घड्याळ कपाटात टाकून दिलं.

अशा माणसाच्या अमेरिकेतल्या हर्नडनच्या घरात, खाली बेसमेंटमध्ये, मुलीच्या रायफलची काडतुसं भरली जात होती. यात नवल असेल तर एवढंच की सोळा वर्षांपूर्वी याच माणसाने 'माझ्या घरात बंदूक येणार नाही' म्हणत भरलं ताट बाजूला सारलं होतं.

मुलगी ज्ञानदा. इथेच जन्मलेली, चौतीस वर्षांची, पाऊण तासावर वॉरेंटनला घोड्यांची डॉक्टर. कॉलेजात असताना तिने रायफल टीममध्ये नाव घातलं आणि तेव्हापासून बापलेकीत त्या विषयावर चकार शब्द निघेना. एक विषय टाळता टाळता बाकीचेही आटत गेले. फोन आला की 'जेवलीस का', 'तिकडे बर्फ पडला का' आणि 'आईला देतो', एवढ्यात सगळं आटपायचं. रिटायर झाल्यावर लताबाईंनी त्यांना जवळजवळ ढकलतच एकदा तिच्या घरी नेलं. ती गॅरेजमध्ये टेबलाशी बसून काडतुसांची लांबी मोजत होती. सुमंतराव दारात दोन मिनिटं उभे राहिले. मग न राहवून म्हणाले, "कॅलिपर असा धरतात का गं?"

त्या दिवशी त्यांनी जे काम तिच्याकडून ओढून घेतलं ते घेतलंच.

काम समजायला सोपं आहे. पितळेची पुंगळी, तिच्यात मोजून दारू, आणि तिच्या तोंडात बसवलेली गोळी. ही गोळी पुंगळीत किती खोल बसवायची, तिथे सगळी गोम आहे. रायफलच्या नळीला आतून पीळ असतात. काडतूस आत सरकवलं की गोळीचा खांदा आणि पिळाची सुरुवात यांच्यामध्ये थोडी फट राहते. ती किती ठेवली की गोळ्या एकीला एक लागून पडतात, ते दर रायफलचं वेगळं असतं आणि झाडून बघितल्याशिवाय कळत नाही. फट मोजायची ती थाउमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस तीनेक थाउ जाड असतो. अर्ध्या किलोमीटरच्याही पलीकडे ठेवलेल्या टार्गेटवर एका केसाच्या जाडीने फरक पडू शकतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुमंतरावांचा चेहरा असा खुलला, की लताबाई म्हणाल्या, "आपल्या लग्नातसुद्धा एवढे हसला नव्हतात."

तेव्हापासून दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी ज्ञानदा येई. रिकाम्या पुंगळ्या ठेवी, भरलेले डबे घेई, जेवून जाई. जेवताना बोलणं काडतुसांवरून सुरू होई आणि हळूहळू एखाद्या आडदांड घोड्यावर, तिच्या शेजाऱ्यांवर, आईच्या गुडघ्यावर येई. सुमंतराव फार बोलत नसत, पण ऐकत असत, आणि शनिवारी सकाळी लताबाईंना तेच पुन्हा सांगत. त्यांच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली होती. ती येते ती काडतुसांसाठी. हे काम गेलं की तिचं येणं गेलं, आणि मग पुन्हा 'आईला देतो'. ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

जूनमध्ये दोघांनी मिळून फटीची परीक्षा घेतली. सुमंतरावांनी तीन थाउपासून एकवीसपर्यंत, तीन-तीनच्या फरकाने काडतुसं भरली, प्रत्येक मापाची तीन, आणि छोट्या पिशव्यांवर आकडे घातले. ज्ञानदाने दिवसभर ती झाडली. संध्याकाळी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून दोघं वाकून बघत होते.

"सहा," सुमंतराव म्हणाले. "हे बघ, सहाला तिन्ही गोळ्यांचं मिळून एकच भोक आहे."

"बाबा, तीनच तर शॉट्स आहेत. इट्स लक." ज्ञानदाने बोट पुढे नेलं. "इकडे बघ. बारा, पंधरा, अठरा. तिन्ही ऑलमोस्ट सेम. मला पंधरा पाहिजे."

"पंधराची भोकं सुटी आहेत."

"असू देत ना."

"सहा आणि पंधरात उघड फरक दिसतोय आणि तू पंधरा घेतेस? आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं."

"बाबा." तिने कागदाची घडी घातली. "पंधरा. प्लीज. पंधरावर फिक्स कर आणि मग त्याला हात लावू नको."

"बरं," सुमंतराव म्हणाले.

बरं म्हणणं आणि बरं वाटणं यात पुष्कळ अंतर असतं. ते एक भोक त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. पोरीला त्याहून चांगलं मिळू शकतं आणि ती आळसाने नाही म्हणतेय, असं त्यांना वाटत राहिलं. जुलैमध्ये त्यांनी पंधराचे तेरा केले. नळी झिजते, पीळ मागे हटतात, फट आपोआप वाढते, तेव्हा आपण जरा पाठोपाठ गेलं पाहिजे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती अगदीच खोटी नव्हती, म्हणून जास्त वाईट. तेराचे अकरा झाले, अकराचे नऊ. सप्टेंबरात ते सहावर येऊन पोचले. त्या महिन्याच्या मॅचला ज्ञानदा दुसरी आली आणि सुमंतराव मनातल्या मनात इतके फुगले, की घरी येईपर्यंत गाडीत स्वतःशीच हसत होते. तिला सांगायचं होतं, पण राज्याच्या संघाची निवड झाल्यावर. चौघांच्या संघात एकच जागा उरली होती आणि तिची निवड ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी व्हायची होती. संघात गेली की कागद पुढे ठेवून सांगू, की बघ, सहाच होतं.

त्या आठवड्यात दसरा आला.

घाट्यांच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. सुमंतरावांचे वडील लोहार नव्हते, शिक्षक होते, म्हणून तेव्हा फूटपट्टी आणि कात्री पाटावर यायची. इथे आल्यावर लताबाईंनी त्यात लॉन मोअर, ड्रिल आणि आपलं शिवणयंत्र घातलं. गेली चार वर्षं बेसमेंटमधलं गोळी बसवायचं यंत्रही होतं. ते उचलून वर आणता येत नाही, म्हणून देवच खाली जात. लताबाईंनी बुधवारी सकाळी यंत्राला, तराजूला, कॅलिपरला ओल्या हळदीची बोटं लावली, वर कुंकू लावलं, झेंडू वाहिला. तो दिवस हत्यारांच्या विश्रांतीचा, आणि दसऱ्याची संध्याकाळची आरती होईपर्यंत ही बोटं पुसायची नाहीत, असा सासूबाईंनी घालून दिलेला नियम होता. सुमंतरावांना देवाचं फारसं काही नव्हतं, पण आईचं होतं, म्हणून तेही तो पाळत.

आता कॅलिपरचे जबडे कधी घट्ट मिटून ठेवायचे नाहीत, जरा उघडे ठेवायचे, ही सुमंतरावांची जुनी शिस्त. उघड्या जबड्यात हळदीचं एक बोट आतल्या बाजूलाही लागलं आणि रात्रभरात वाळून खडखडीत झालं. गुरुवारी सकाळी काडतुसं भरायला बसताना त्यांनी बाहेरचं लाल टिळ्यासारखं काय ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. आतलं पिवळं त्यांना दिसलं नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाल्याचं डॉक्टर वसंत ऋतूतच म्हणाले होते. तेही त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. कारखान्यात गेजवर कुणाच्या बोटाचा ठसा दिसला तर आख्खी लाइन थांबवणारा माणूस हळदीवरून माप घ्यायला बसला.

माप घ्यायची त्यांची पद्धत चोख होती. त्यांच्याकडे नमुन्याचं एक काडतूस होतं, बिनदारूचं, गोळी बरोब्बर पिळाला टेकेल इतकं लांब. ते जबड्यात धरायचं आणि स्क्रीनवर शून्य करायचं. मग खरं काडतूस धरलं की थेट फटीचा आकडा दिसतो. दर दहा काडतुसांनी नमुना पुन्हा धरून शून्य तपासायचं, हाही त्यांचाच नियम. पहिली बेचाळीस काडतुसं, म्हणजे दोन डबे आणि दोन जादा, सरळ गेली. सहा, सहा, सहा. तेवढ्यात वर बेल वाजली. गावातलेच मित्र विवेक आणि सुमेधा सोनं द्यायला आले होते. इकडे आपटा कुठला, म्हणून सुमेधा तिच्या अंगणातल्या आपट्यासारख्या रेडबडच्या झाडाची पानं तोडून आणते. पानं दिली-घेतली, श्रीखंड झालं, विवेकच्या ऑफिसमधल्या गप्पा झाल्या. सुमंतराव खाली परत आले तेव्हा दोन तास उलटून गेले होते आणि ज्ञानदा दुसऱ्या दिवशी डबे न्यायला येणार होती.

उरलेल्या काडतुसांची फट जास्त दिसायला लागली. आधी आठ, मग अकरा, मग थेट अठरा. यंत्राचा स्क्रू सैल झाला असेल, असं पुटपुटत त्यांनी गोळी थोडी बाहेर ठेवली, मग आणखी थोडी, आणि स्क्रीनवर सहा आलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं. नमुना मात्र त्यांनी पुन्हा धरला नाही. धरला असता तर लगेच कळलं असतं, की वाळलेली हळद पुंगळ्यांची बुडं घासून घासून निघाली होती आणि तिच्याबरोबर त्यांचं शून्यही गेलं होतं. त्यांनी तिसऱ्या डब्यावर सुवाच्य अक्षरात तीन घातला आणि झाकण लावलं.

शनिवारी सकाळी डोंगरापलीकडच्या रेंजवर स्वच्छ ऊन होतं. सुमंतराव ज्ञानदाच्या मागे फोल्डिंगच्या खुर्चीवर दुर्बीण लावून बसले होते. वीस-वीस गोळ्यांच्या तीन फेऱ्या. पहिलीत ती चौथी होती, दुसरीत पहिली. दोन्ही मिळून तिची जागा जवळपास ठरलेली होती. दुसरी फेरी संपल्यावर तिने मागे वळून अंगठा दाखवला. सुमंतरावांनी मान हलवली, आणि कागद कोणत्या शब्दांत पुढे ठेवायचा ते ठरवायला लागले.

तिसऱ्या फेरीत नऊ गोळ्या झाल्या. दहावं काडतूस तिने आत सरकवलं, आणि इतक्यात उजवीकडच्या झाडीतून पाच-सहा हरणं निघून टार्गेटांच्या पुढ्यात आली आणि चरायलाच लागली. "सीझ फायर! अनलोड!" रेंज ऑफिसर ओरडला. सगळ्यांनी भरलेली काडतुसं बाहेर काढली. ज्ञानदाने बोल्ट मागे ओढला आणि हातात आली नुसती पुंगळी. गोळी आत पिळात घट्ट अडकून राहिली होती आणि पुंगळीतली सगळी दारू बारीक दाणा-दाणा होऊन रायफलच्या पोटात सांडली होती.

हरणं दोन मिनिटांत निघून गेली. ज्ञानदाची रायफल तेवढ्यात सुरू होणार नव्हती. पांढऱ्या मिशीच्या त्या ऑफिसरने पुढून सळई घालून गोळी मागे ठोकून काढली, पण दारूचे दाणे ट्रिगरच्या आत गेले होते आणि ते सगळं खोलल्याशिवाय निघणारे नव्हते. वेळ संपली. तिच्या अकरा गोळ्या तशाच राहिल्या. ऑफिसरने डब्यातलं एक काडतूस उचलून उन्हात धरलं आणि भुवया उंचावल्या.

"ही फार लांब बसवलीयत. कुणी भरली?"

"मी," ज्ञानदा इंग्रजीत म्हणाली. "माझीच चूक आहे, सर."

सुमंतराव तीन पावलांवर उभे होते. 'मी भरली' हे दोन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. त्याची लाज त्यांना तेव्हाच वाटली, पुढचं सगळं कळायच्या आधी.

परतीच्या वाटेवर तिने काही विचारलं नाही. "होतं असं, बाबा," एवढंच म्हणाली, आणि त्यांना तिने ओरडायला हवं होतं.

रविवारी सकाळी चहाही न घेता ते खाली गेले. त्यांनी कॅलिपर पुसला, नमुना धरला, शून्य केलं आणि उरलेली काडतुसं एकेक करून मोजली. पहिल्या डब्यात घातलेली दोन जादा काडतुसं उरली होती. दोन्ही सहा. तिसऱ्या डब्यातल्या दहाच्या दहांना फट नव्हतीच, उलट ती सहा थाउ पिळात घुसणारी. म्हणजे बारा थाउचा घोटाळा. ते टेबलावर वाकले आणि भिंग घेऊन शोधायला लागले. कॅलिपरच्या जबड्याच्या मुळाशी पिवळा कण होता. खालच्या रबरी चटईवर एक वाळलेली पिवळी पापडी पडली होती, एका बाजूने लाल. त्यांनी ती बोटावर घेतली.

लताबाई चहा घेऊन जिन्यात आल्या होत्या. त्यांनी बोटावरची पापडी ओळखली.

"अहो, ही तर परवाची हळद."

सुमंतरावांनी कसं झालं असेल ते सांगितलं. सांगायला नको होतं असं निम्म्यात वाटलं, पण तोवर लताबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या.

"म्हणजे माझ्यामुळे पोरीचा नंबर गेला?" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मला मेलीला काय अक्कल, त्या नाजूक वस्तूला कशाला बोटं लावायची? मी सांगते तिला. दुपारी ती गाडीत राहिलेली आपली नेमबाजीची चटई न्यायला येणार आहे ना, तेव्हा मीच सांगते. आणि पुढच्या वर्षीपासून हे सगळं बंद."

त्या वर गेल्यावर सुमंतराव मनात हिशेब मांडायला लागले. हिशेब सरळ होता आणि त्यात खोट नव्हती. हळदीमुळे माप चुकलं. लताबाई तसं सांगतील, ज्ञानदा आईला जवळ घेईल, दोघी हसतील, आणि ही गोष्ट पुढे वीस वर्षं दर दसऱ्याला कौतुकाने सांगितली जाईल. पंधराचे सहा झाल्याचं त्यांच्याखेरीज जगात कुणाला माहीत नव्हतं. काम त्यांच्याकडेच राहील. शुक्रवार राहील.

पण बेरीज-वजाबाकीपुढे त्यांनी आयुष्यात कधी मान फिरवली नव्हती. पंधरातून बारा गेले असते तरी तीन उरले असते. गोळी पिळाला शिवलीसुद्धा नसती. हळदीने चूक केली, पण पंधरात त्या चुकीला जागा होती आणि ती जागा त्यांनी खाल्ली होती.

ज्ञानदा दुपारी आली तेव्हा लताबाईंनी तोंड उघडायच्या आत सुमंतराव म्हणाले, "आधी मला बोलू दे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. हळद, शून्य, न धरलेला नमुना. मग थांबून, टेबलाच्या कडेकडे बघत, जुलैपासूनचं. तेरा, अकरा, नऊ, सहा.

ज्ञानदा उभीच होती.

"मी तुला पंधरा सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आय सेड डोन्ट टच इट."

"हो. मला वाटलं, मला जास्त कळतं."

"तुला माहितेय मी पंधरा का निवडले?"

"तीन गोळ्यांवर विश्वास नाही म्हणून."

"नाही." ती खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. "मे महिन्यात मी तुझी काडतुसं मोजली होती, बाबा. घरी, गुपचूप. काही तेरा होती, काही सतरा, एक अकरा होतं. आधी तू असा नव्हतास. आधी सगळी सेम असायची. तू एक डोळा बारीक करून स्क्रीन वाचतोस, लाइटखाली मान वाकडी करतोस. मी रोज घोड्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू बघते. मला तुझा दिसणार नाही?"

लताबाईंनी झटकन सुमंतरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"म्हणून ती टेस्ट केली," ज्ञानदा म्हणाली. "मी सगळ्यात छोटं भोक शोधतच नव्हते. मी अशी जागा शोधत होते की तुझे दोन-तीन थाउ इकडेतिकडे झाले तरी चालतील. बारा ते अठरा, काही फरक पडत नाही. मधे पंधरा. ती फट रायफलसाठी नव्हती, बाबा. तुझ्यासाठी होती."

आयुष्यभर सुमंतरावांनी दुसऱ्यांच्या चुका पकडल्या होत्या. आपल्या चुकीसाठी कुणीतरी आधीच मोजून जागा करून ठेवली आहे, आणि तीही न सांगता, हे त्यांच्या कल्पनेतही आलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस?" ते म्हणाले. "काम काढून घ्यायचंस."

"सांगितलं असतं तर तू स्वतःच सोडलं असतंस. आणि मग शुक्रवारी..." ती थांबली. आईकडे बघून तिने डोळे पुसले. "म्हणजे मी आलेच असते. पण आपण काय बोललो असतो? वी वर नेव्हर गुड ॲट इट."

ती न जेवता गेली. रागावली होती, आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. चटई काखेत मारून दारात वळली आणि म्हणाली, "आई, हळद बंद करायची नाही. फक्त कॅलिपरला नको."

पुढचे बारा दिवस त्यांनी एकही काडतूस भरलं नाही. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मात्र घेतली, नोव्हेंबरची. लताबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, मोतीबिंदू लपवला म्हणून, आणि तिसऱ्या दिवसापासून न थांबता बोलल्या. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचपासून सुमंतराव बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसले. सहाला तो बंद केला. सव्वासहाला ड्राइव्हवेवर गाडीचा उजेड फिरला, तेव्हा ते उठून दाराशी गेले.

ज्ञानदा आत आली. तिच्या हातात रिकाम्या पुंगळ्यांचा डबा होता. तो तिने नेहमीच्या जागी न ठेवता सरळ जिना उतरायला घेतला.

"ये खाली," ती म्हणाली. "वीसच भरू. भूक लागलीय मला."

बेसमेंटमध्ये त्यांनी यंत्र पंधरावर लावलं. दांडा खाली ओढला, वर नेला, काडतूस काढलं आणि सवयीने कॅलिपर उचलला. मग तो तसाच तिच्यापुढे धरला. सदतीस वर्षांत त्यांनी आपलं गेज दुसऱ्याच्या हातात दिलं नव्हतं.

"तू मोज," ते म्हणाले.

तिने नमुना धरून शून्य केलं. काडतुसं मोजत गेली. पंधरा. पंधरा. सोळा. चौथ्याला स्क्रीनवर तेरा आलं. सुमंतरावांचा हात आपोआप पुढे गेला, ते परत यंत्रात घालून नीट बसवायला. अर्ध्या वाटेवर तो थांबला.

"चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल की," ज्ञानदा म्हणाली. "त्यासाठीच तर जागा ठेवलीय."

तिने ते तेराचं काडतूस डब्यात ठेवलं आणि पुढच्यासाठी हात पसरला.